तेवीस किलोच्या आत

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. लोक छापून यावी म्हणून लिहितात. मी फक्त स्वतःसाठी लिहिणार. तरी अक्षर नीट काढलेलं बरं.

वय पस्तीस. मुक्काम दिल्ली, मुनिरका, तिसरा मजला. खिडकी एक, तीही समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उघडते. काम: संशोधन. विषय: उच्चशिक्षितांचं परदेशी स्थलांतर. गाईडनं थीसिस पुन्हा परत पाठवला. एवढ्या बारकाईनं दुसऱ्या कुणाचा वाचत नाहीत ते.

संकल्प. डिसेंबरच्या आत पुस्तक पूर्ण. नाव ठरलंय, ‘का राहिलो’. सगळे गेले, मी राहिलो, तत्त्व म्हणून. रोज दोन पानं. रोज पहाटे फिरायला जाणं. आणि सुरुचीशी स्पष्ट बोलणं, गणपतीच्या आत.

४ ऑगस्ट

पहाटे जाग आली होती. उकाडा फार. फिरणं उद्यापासून.

अर्पणपत्रिका लिहून झाली. ‘सु.स.’ एवढंच. बाकीचं पान मोकळं ठेवलंय, भारदस्त दिसतं.

६ ऑगस्ट

निखिलचा टोरांटोहून मेसेज! होळीनंतर पहिल्यांदाच. लिहिलं होतं, ओटीपी आला असेल, पाठव ना यार. लगेच पाठवला. त्यावर अंगठा आला. बाहेर गेलेली माणसं विसरतात असं म्हणतात. कुठे विसरतात?

पुढच्या काळात कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो (कुणी वाचणार नाही आहे). जाणारे जाताना आपलं इथलं सिमकार्ड माझ्याकडे ठेवून जातात. बँकेला इथलाच नंबर लागतो, ओटीपी इथेच येतो. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जुने फोन आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि गाव. निखिल टोरांटो. वैभवी म्युनिक. नीरज मेलबर्न. दर रविवारी सगळे चार्ज करतो. सगळ्या वकिलाती एका ड्रॉवरमध्ये, म्हणजे आमची छोटी चाणक्यपुरीच, आणि राजदूत मी एकटा.

१० ऑगस्ट, रविवार

फोन चार्ज केले. खोली आवरली. म्हणजे ढीग या भिंतीचा त्या भिंतीला नेला. त्यात तीन कुकर, दोन कूलर, वैभवीची व्यायामाची सायकल, नीरजचा पांढरा फळा. सगळं जाणाऱ्यांनी ठेवलेलं. बाहेरच्या माणसाला अडगळ दिसेल. मला पुरावा दिसतो. दुसऱ्या प्रकरणाचा सिद्धान्त मला इथेच गादीवर पडल्या पडल्या सुचला: ज्याला परत यायचं नसतं, तो कुकर विकून जातो. जो ठेवून जातो, तो परत येतो. जगात अजून कुणी हे असं मांडलेलं नाही. तूर्त नाव कुकर सिद्धान्त. जर्नलला पाठवताना जरा जड नाव शोधावं लागेल.

अजून कुणी परत आलेलं नाही. सॅम्पल लहान आहे.

१७ ऑगस्ट

सुरुची येऊन गेली. वजनकाटा परत द्यायला आली होती. तिच्या लॅबमधली कुणीतरी कोरियाला गेली. काटा माझा आहे, हातात धरायचा. हुकला बॅग अडकवायची, उचलायची, आकडा दिसतो. विमानात बॅगेला तेवीस किलो चालतात, वर गेलं की काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात आणि आईनं दिलेले लाडू उघडे पडतात. त्यामुळे मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय, तिन्हीकडची मराठी मंडळी माझ्या काट्यावरून उडालेली आहेत. बॅग भरण्यातही माझा हात धरणारा कुणी नाही. दोन वर्षांपूर्वी सुरुचीनं मराठी ग्रुपवर विचारलं होतं, वजनकाटा कुणाकडे आहे का. मी हो म्हणालो. ओळख तिथून.

सुरुची अकोल्याची. पीएचडी हरभऱ्याच्या मर रोगावर. तिचं संशोधन पूर्ण झालं की अर्ध्या देशाचं पिठलं वाचणार आहे. हे तिला मीच सांगितलं होतं. तेव्हा ती हसली होती, बराच वेळ.

आज हसली नाही. म्हणाली, प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली नाही, लॅबचा एसी बंद, रोपं कोमेजली, बाहेर अर्ज करतेय. मी समजावलं की सरकारी कामाला थोडा वेळ लागतो. ती म्हणाली, हरभरा थांबत नाही रे.

शास्त्रीय विश्लेषण: माणसाला देशाबाहेर ढकलणारे घटक असतात आणि देशात धरून ठेवणारे घटक असतात. सुरुचीच्या बाबतीत ढकलणारे बरेच आहेत हे मान्य. पण धरून ठेवणारा एक फार मोठा घटक आहे. त्याचं नाव इथे लिहिणं बरं दिसणार नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

बोललो नाही. मंडळात गर्दी होती. आरतीला ती माझ्या शेजारीच उभी होती, पण झांजा वाजवत होती. झांजांमध्ये कोण काय बोलणार? नंतर तिनं तिच्या ताटातला एक मोदक मला दिला, सगळ्या काकूंच्या देखत. म्हणाली, मला जात नाही. हे निमित्त असणार.

मुदत वाढवली. दसरा.

११ सप्टेंबर

जर्मनीच्या विद्यापीठातून मेल आली. मीही एक अर्ज टाकून ठेवला होता, प्रक्रिया कशी असते ते आतून कळावं म्हणून. नकार. बरंच झालं. तसाही जाणार नव्हतो. गेल्या वर्षीच्या दोन ठिकाणीही जाणार नव्हतोच. तिसऱ्या प्रकरणाला चांगलं शीर्षक सुचलं: ‘निमंत्रणे नाकारताना’.

जेवलो नाही. भूक नव्हती. डबेवाल्या आंटींनी विचारलं, तबियत ठीक है? म्हटलं, बिल्कुल.

२ ऑक्टोबर, दसरा

दिल्लीत आपटा मिळत नाही. कॅम्पसमध्ये कचनार आहे, पान सारखंच दिसतं. सकाळी जाऊन तोडून आणलं (म्हणजे पहाटेचं फिरणंही झालं). सुरुचीला सोनं म्हणून दिलं. ती म्हणाली, चालेल, एकाच कुळातलं झाड आहे. मी म्हटलं, बघ, सगळं इथेच मिळतं. आता पुढचं वाक्य बोलणार, एवढ्यात तीच बोलली. नेदरलँड्सहून पत्र आलंय, ग्रोनिंगेन म्हणून गाव आहे, तीन वर्षं, स्वतःचं ग्रीनहाउस. जानेवारीत रुजू व्हायचंय.

अभिनंदन म्हणालो. तिच्या हातात माझं पान होतं, बोलता बोलता तिनं त्याची सुरळी केली आणि उलगडली, परत केली.

मग म्हणाली, बॅग तूच भरून द्यायचीस हं, तुझ्याशिवाय कोण. तुझ्याशिवाय कोण! हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतोय. तुझ्याशिवाय कोण.

ऑफर येणं वेगळं, जाणं वेगळं. व्हिसा आहे, कागदपत्रं आहेत, घरचे आहेत. आकडेवारी माझ्या बाजूनं आहे. ती कुठली ते शोधावं लागेल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

घरी विट्याला गेलो नाही. पुस्तक महत्त्वाचं. मुनिरका रिकामं पडलंय, सगळे आपापल्या गावी. सुरुची अकोल्याला. पण दिवाळीला माणसांना आठवण येतेच. दिवसभर ड्रॉवर वाजत होता. निखिल, वैभवी, नीरज, सगळ्यांचे मेसेज. घरच्यांसाठी तिकडून ऑनलाइन फराळ, कपडे, आकाशकंदील मागवत होते, ओटीपीवर ओटीपी. मी फराळाच्या सहा ऑर्डरी पार पाडल्या. वैभवीनं अंगठ्याबरोबर दिव्याचं चित्रही पाठवलं.

मी खाली जाऊन मॅगी आणली. मालकीणबाईंनी जिन्यात काजूकतली दिली आणि विचारलं, सब बच्चे चले गए, तुम कब जा रहे हो? मी म्हटलं, मी जाणार नाही, मी इथलाच. त्यांच्या तोंडावर काळजी दिसली. भाड्याची नसावी.

संध्याकाळी तात्यांचा फोन. वडील मला फोनवर पहिलं वाक्य नेहमी एकच बोलतात, मग काय मास्तर. (गेस्ट लेक्चररशिप जुलैतच संपली, ते सांगायचं राहिलंय.) तात्या म्हणाले, गल्लीतली सगळी पोरं परदेशात गेली, फक्त तू राहिलास असं आम्ही लोकांना सांगतो, पण खरं म्हणशील तर तू पण गेलेलाच की लेका. कॉलेजातली तुझी सायकल तेवढी सोप्यात उभी आहे. आई तिच्यात हवा भरून घेते दर महिन्याला.

ते वेगळं. दिल्ली म्हणजे देशातच. शिवाय सायकल म्हणजे कुकर नव्हे.

आज एकटं वाटलं. संशोधकाला वाटतंच.

१५ नोव्हेंबर

हवा इतकी खराब आहे की समोरचं स्वयंपाकघर दिसत नाही, नुसती फोडणी कळते. फिरणं वैद्यकीय कारणानं स्थगित.

निखिलला सविस्तर मेसेज केला. सिद्धान्ताला प्रत्यक्ष पुष्टी हवी म्हणून विचारलं, तुझा कुकर माझ्याकडे आहे, त्याबद्दल तुझी पुढची योजना काय? दुपारी उत्तर आलं: कुठला कुकर? फोटो पाठवला. म्हणाला, अरे तो अजून आहे? विकून टाक यार. आणि हो, एक ओटीपी येईल आत्ता.

ओटीपी पाठवला. कुकर घासून ठेवला. निखिल पहिल्यापासून अपवादात्मक मुलगा आहे. दुसऱ्या प्रकरणात एक तळटीप टाकली की भावनेच्या भरात दिलेली उत्तरं ग्राह्य धरू नयेत.

२ डिसेंबर

सुरुचीचा व्हिसा आला. मला वाटलं होतं वेळ लागेल. काही देश घाईघाईनं निर्णय घेतात.

ती पेढे घेऊन आली. मी एकच घेतला. म्हणाली, तू काहीच बोलत नाहीस आजकाल. हीच वेळ होती. म्हटलं, हिवाळ्यात तिकडे दुपारी चारला अंधार पडतो. ती म्हणाली, माहितीये. मग तिनं नीरजच्या फळ्याकडे बघितलं, त्यावर नीरजच्याच अक्षरात दोन वर्षांपूर्वीचं काहीतरी आहे. तिनं विचारलं, पुसत का नाहीस. मी म्हटलं, त्याला लागेल.

पुस्तकाची मुदत मार्चपर्यंत वाढवली.

२१ डिसेंबर

धक्कादायक. सुरुचीनं सामान वाटून टाकलं. कुकर लॅबमधल्या ज्युनिअर मुलींना, गादी वॉचमनला, कुंड्या मालकिणीला. माझ्याकडे ठेवायला म्हणून काहीच नाही. मी सुचवलं, निदान कुकर ठेव, माझ्याकडे जागा आहे. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, संग्राम, कुठे आहे जागा?

सिद्धान्त सुधारावा लागेल. स्त्री शास्त्रज्ञांना लागू नाही असं म्हणता येईल का, बघतो.

३ जानेवारी, शनिवार

बॅग भरली. आयुष्यातली सर्वोत्तम. कपड्यांच्या वळकट्या, बुटांत मोजे, मोज्यांत हळदीची पुडी. मेतकूट आणि गोडा मसाला दुहेरी पिशवीत, भोवती स्वेटर. मी भरत होतो, ती गादी नसलेल्या पलंगावर बसून हे हवं, हे नको सांगत होती. मला वाटतं लग्न झालेली माणसं अशीच दिसत असतील.

बोलायचं होतं ते बोलण्यापेक्षा द्यायचं ठरवलं होतं. ‘का राहिलो’ची तयार पानं, स्पायरल बाइंडिंग करून, वर अर्पणपत्रिका. ती तिकडे उघडेल, ‘सु.स.’ वाचेल, आणि पुढचं तिला कळेलच. ती पाणी आणायला गेली तेव्हा प्रत तळाशी सरकवली, स्वेटरच्या खाली.

काटा लावला. तेवीस किलो चारशे. माझ्या हातून भरलेली बॅग आजवर कधी वर गेली नव्हती. ती म्हणाली, काहीतरी काढावं लागेल. मी म्हटलं, मेतकूट? ती म्हणाली, वेडा आहेस का. मग तिनंच सगळं उपसलं, आणि तळाशी प्रत सापडली. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. अर्पणपत्रिकेवर क्षणभर थांबली असं मला वाटलं, पण बोट मार्जिनमध्ये होतं, त्यामुळे खात्री नाही.

म्हणाली, हे तू पीडीएफ करून मेल करशील ना?

हो म्हणालो. पीडीएफमध्ये शब्द शोधता येतात, ती शास्त्रज्ञ आहे, तिला तेच बरं पडणार. प्रत काढली. बावीस किलो नऊशे. ती टाळ्या वाजवून म्हणाली, संग्राम, तू ग्रेट आहेस.

४ जानेवारी, रविवार

सकाळपासून दाट धुकं. उड्डाण दुपारचं, पण धुक्यात विमानं रद्द होतात हे सर्वांना माहीत आहे. कॅबमध्ये मी तिला तीन वेळा म्हटलं, बहुतेक होईल रद्द. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, हे सगळं फार आठवेल यार. हे सगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

टर्मिनल तीनच्या दारात तिनं पर्समधून तिचा जुना फोन काढला, काचेला तडा गेलेला, चार्जरची गुंडाळी करून. म्हणाली, सिम यातच आहे, ओटीपी आले तर बघशील ना? तिकडचा नंबर मिळाला की कळवते. मी म्हटलं, अर्थात. मग तिनं मला पटकन मिठी मारली, तिच्या हातात पासपोर्ट होता, तो माझ्या पाठीला टोचला. मी तेव्हा बोललो. बोललो ते असं: केबिन बॅगेला सात किलो लक्षात ठेव.

काचेच्या दारातून ती आत गेली. एकदा वळून हात केला. मग माणसांची गर्दी मध्ये आली.

मी थांबलो, विमान रद्द झालं तर तिला परत आणायला कुणीतरी हवं. बराच वेळ उभा होतो. शेवटी दारावरचा जवान जवळ येऊन म्हणाला, भाईसाहब, छोड़ दिया ना? तो चलिए. ऊन पडलं होतं तोवर.

खोलीत आलो. चिकटपट्टी लावली. सुरुची ग्रोनिंगेन. फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, बाकीच्यांपासून थोडा वेगळा. सिद्धान्ताच्या दृष्टीनं बघितलं तर फोन ही कुकरपेक्षा कितीतरी मौल्यवान वस्तू आहे. असं कुणी सहज ठेवून जात नाही.

रात्री फार रडायला आलं. धुक्यानं डोळे चुरचुरतात असं समजून झोपलो.

१० जानेवारी

पीडीएफ पाठवली. मेल पोचली असणार, परत आलेली नाही. व्हॉट्सॅपवर रोज एक मेसेज करतो, थंडी कशी आहे, जेवलीस का, हरभरा काय म्हणतो. एकच टिक येते. नेदरलँड्सचं नेटवर्क इतकं मागासलेलं असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या प्रकरणात घ्यावं, ‘प्रगत देश: काही भ्रम’.

तिकडचा नंबर अजून आलेला नाही. घर लावत असेल.

पुस्तकाचं नाव ‘का राहिलो’ ऐवजी नुसतं ‘राहिलो’ करावं का, असा विचार आहे. सुटसुटीत वाटतं.

१४ जानेवारी, संक्रांत. दुपार

सकाळी सगळ्यांना तिळगुळाचे मेसेज. निखिलचा अंगठा आला. सुरुचीला एक टिक.

आज मात्र ठरवलं. मेसेज वगैरे पुरे. स्पष्ट बोलायचं, ऑगस्टपासूनचं सगळं. आधी कागदावर लिहून काढलं, म्हणजे मध्येच किलो येणार नाहीत. चार ओळी झाल्या, चांगल्या झाल्या. दोनदा मोठ्यानं वाचल्या. खिडकी लावून घेतली. तिच्या नावावर बोट ठेवलं आणि सरळ फोन लावला. साधा फोन, इंटरनेट नको की काही नको.

लगेच रिंग गेली! इतक्या लांब, आणि पहिल्या झटक्यात.

नेमका त्याच वेळी खालचा ड्रॉवर वाजायला लागला. बघितलं तर सुरुचीचा फोन. दहा दिवसांत पहिल्यांदाच वाजत होता. म्हटलं बँक असेल, घेतला पाहिजे, तिचं काहीतरी महत्त्वाचं असणार. माझा फोन कानाला तसाच धरून तिचा हातात घेतला.

तडा गेलेल्या काचेवर नाव चमकत होतं. संग्राम वजनकाटा.

दोन वर्षांपूर्वी काटा मागताना नंबर असा सेव्ह केला असणार. नंतर बदलायचं राहिलं.

कागदावरच्या चार ओळी समोर टेबलावर होत्या. एका हातात मी लावत होतो, दुसऱ्या हातात मी वाजत होतो. कापला नाही. पूर्ण वाजू दिला. मग माझ्या फोनमधली बाई हिंदीत म्हणाली की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही आहे, आणि तेच इंग्रजीत म्हणाली.

तिच्या फोनवर मिस्ड कॉल दिसतोय, एक. तो तसाच ठेवला आहे. फोन चार्जिंगला लावला. परत आली की तिला दिसेल.